डाव्या बाजूची माया

आत्या जाऊन महिनाही झाला नव्हता. तिची पत्र्याची ट्रंक उघडून वहिनी आणि मी साड्या वेगळ्या काढत बसलो होतो. दोन इरकली, एक नारायणपेठ, बाकी रोजच्या सुती. तळाशी झंपरांची चळत होती. त्यातला हिरव्या खणाचा एक झंपर घडी करायला म्हणून मी उलटा केला आणि माझा हात तिथंच थांबला.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि मायेतून सैल करून घ्यायचं. त्या झंपराच्या उजव्या बाजूची माया शिंपिणीनं ठेवली होती तशीच होती, चांगली बोटभर. डाव्या बाजूची जवळजवळ संपली होती. मशीनच्या मूळ शिवणीची भोकं, तिच्या बाहेर हाताच्या टाक्यांच्या दोन उसवलेल्या ओळी, आणि अगदी कडेला तिसरी, शाबूत. टाके आत्याचेच. तिच्या गोधड्यांवरचा तो बारीक, जरासा तिरका टाका मी लहानपणापासून ओळखते.

वहिनीनं तो झंपर माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि काही न बोलता मांडीवर ठेवून दिला. तीही शिवणकाम करते. तिला सांगावं लागलं नाही.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस त्या दिवसांत एकच वाक्य बोलून जायचं. "सांगायचीच नाही हो कुणाला. सगळं अंगावर काढायची." मीही मान हलवत होते. तेव्हा ते वाक्य मला सोयीचं होतं. आज ते मोडून काढावं असं वाटतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आपल्या भाषेत आजाराला दुखणं म्हणतात. 'त्याचं दुखणं फार लांबलं', 'दुखण्यातून उठली'. म्हणजे जे दुखतं तोच आजार, हे आपण बोलायला शिकतो तेव्हाच ठरून गेलेलं असतं. आणि हे दुखणं बायका अंगावर काढतात. मूलही अंगावरच पाजतात. स्तन हा शब्द पुस्तकातला, डॉक्टरांचा. घरात, न्हाणीघरात, जावाजावांच्या बोलण्यात त्या अवयवाला नाव नाही. छाती म्हणायचं, नाहीतर नुसतं अंग. जिथं नावच घेता येत नाही तिथं आलेली गाठ, आणि तीही न दुखणारी. अशी गोष्ट बाईनं सांगायची तरी कोणत्या शब्दांत?

तरीही आत्यानं ती सांगितली होती. मला.

२०१४ ची भाऊबीज. आत्याचं सासर परंडा तालुक्यातलं, माहेर बार्शीचं. मी पुण्याहून दिवाळीला आले होते. ओवाळणं झालं, जेवणं झाली, दुपारी सगळे लवंडले होते. आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं पदराखालून डावा हात काखेपाशी नेला आणि म्हणाली, "इथं जरा गाठ आल्यावाणी झालीय गं."

मी विचारलं, "दुखते का?"

"न्हाई. दुखत तर कायबी न्हाई."

"मग काही नाही. चरबीची असेल."

इतकंच. तिनं पदर सारखा केला आणि विषय तिच्या मुलीच्या स्थळांवर गेला. मी शाळेत विज्ञान शिकवते. पेशींचं विभाजन दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. आणि माझ्या तोंडून आधी आला तो हाच प्रश्न, दुखते का. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. दुखत नाही म्हणजे निश्चिंत राहा, हा आपला सगळ्यांचा समज इथं उलटा फिरतो. कडक, न दुखणारी, बोटाखाली सहजी न सरकणारी गाठ असेल तर लगेच दाखवायला जायचं. दुखणाऱ्या गाठी बऱ्याचदा साध्या निघतात, पण दाखवायच्या त्याही असतात.

पुढे वर्षभरानं डॉक्टरांनी तिला विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? आत्या चटकन म्हणाली, "नागपंचमीला. न्हाताना हाताला लागली." त्या वर्षी नागपंचमी १ ऑगस्टला होती आणि भाऊबीज २५ ऑक्टोबरला. मी नंतर कॅलेंडर काढून बसले आणि दिवस मोजले. तीन महिनेसुद्धा पूर्ण झाले नव्हते.

हे तीन महिने मला का टोचतात ते सांगते. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला होता. वेगवेगळ्या देशांतले ८७ अभ्यास आणि एक लाखाहून जास्त रुग्ण स्त्रिया त्यात एकत्र तपासल्या होत्या. लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत तीन महिने किंवा त्याहून अधिक गेलेल्या बायकांमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण, लवकर आलेल्या बायकांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी निघालं. शंभरात बारा. आमच्या शाळेच्या दोन वर्गांतल्या मुलींच्या आया एका खोलीत बसल्या आहेत असं मी डोळ्यांपुढे आणते, तेव्हा हा आकडा मला कळतो.

आत्या बोलली तेव्हा ती या रेषेच्या अलीकडे होती. तिचा उशीर तेवढाच. पुढचा सगळा आमचा.

जानेवारीत ती तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पदरावरूनच पाहिलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. 'दुधाची गाठ असेल' म्हणाले. आत्या तेव्हा बावन्न वर्षांची होती, तिचं धाकटं मूल बावीस वर्षांचं. दूध कुठलं? पण डॉक्टर म्हणाले म्हणजे झालं. मग कुणीतरी लेप सांगितला, तो महिनाभर लावला. मग ज्वारीची सुगी आली. मग मुलीचं लग्न ठरलं, वैशाखातलं.

या लग्नाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. आत्याला काय वाटत होतं ते तिनं खूप नंतर, केमोच्या तिसऱ्या वेळेला वहिनीला सांगितलं. "आईला असलं काय निघालं म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार?" लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला तो हिशेब वाटतो, आईनं पोरीसाठी केलेला पुरता विचारपूर्वक हिशेब. तिच्या गावात, तिच्या भावकीत, तो चुकीचाही नव्हता. स्थळं खरंच मोडतात. खरं तर स्तनाच्या कर्करोगांपैकी जेमतेम ५ ते १० टक्के आनुवंशिक जनुकीय दोषातून येतात, बाकी बहुतेकांना घराण्याशी जोडता येत नाही. हे तिला कुणी सांगितलं असतं तर? पण सांगण्यासाठी आधी तिनं विचारायला हवं होतं, आणि विचारलं की गावाला कळणार. 'एवढं लग्न आटपू दे' म्हणून तिनं गाठ बाजूला ठेवली. लग्नात तिनं तोच हिरवा खणाचा झंपर घातला होता. फोटोत आहे. डावा हात सगळ्या फोटोंत अंगासरशी धरलेला.

लग्न झाल्यावर जूनमध्ये दुसऱ्या एका दवाखान्यात तिची गाठ काढली. सोनोग्राफी नाही, मॅमोग्राफी नाही, सुई घालून तपासणी नाही. थेट भूल देऊन काढून टाकली. बाहेर बाकावर बसलेल्या मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, डॉक्टरांनी काचेच्या बाटलीत तो गोळा आणून दाखवला. "चरबीची गाठ होती. गेली बघा." मामांनी हात जोडले. बाटली आत गेली आणि कचऱ्यात गेली.

त्या बाटलीचा विचार मी किती वेळा केला असेल. तिच्यात तुकडा टिकवणारं फॉर्मलिन घालायचं होतं, वर नाव, वय आणि तारीख लिहायची होती आणि ती पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे असे तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे, पाठवायची होती. शरीरातून काढलेला कुठलाही तुकडा तपासल्याशिवाय फेकायचा नसतो. उत्तर मामांच्या डोळ्यांसमोर बाटलीत होतं आणि ते वाचायला कुणाकडे गेलंच नाही. जूनमध्ये कळलं असतं तर किमान सप्टेंबरमध्ये तीच गाठ त्याच जागी, व्रणाखाली, परत वर आली नसती. 'गाठीला हात लावला, सुई टोचली की पसरते' अशी भीती आपल्याकडे सगळ्यांना असते. तपासणीची सुई कर्करोग पसरवत नाही. न तपासता अर्धवट काढलेली गाठ मात्र पुढच्या शस्त्रक्रियेची वाट अवघड करून ठेवते.

ऑक्टोबर २०१५. त्या वर्षी पाऊस नव्हताच, गावात टँकर होता. आत्याच्या डाव्या बाजूची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खळ्याखळ्यांची दिसायला लागली, तेव्हा वहिनीनं ती पाहिली आणि कुणाचं न ऐकता तिला बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात आणलं. गाठ सहा सेंटिमीटर. काखेत आणखी गाठी. तिसरी स्टेज. नागपंचमीपासून चौदा महिने झाले होते.

दोन सेंटिमीटरच्या आतली, काखेत न गेलेली गाठ आणि ही गाठ, यांच्यात नुसता आकाराचा फरक नसतो. अमेरिकेतल्या नोंदींनुसार रोग स्तनापुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या घरात असतं. हाडं, यकृत, फुप्फुसं अशा लांबच्या अवयवांत पोचला असेल तर ३० टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांचा रोग निदानाच्या वेळी स्तनाबाहेर निघालेला असतो. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा जगभरचा एक तुलनात्मक अभ्यास आहे. त्यात पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचं प्रमाण अमेरिकेत ९० टक्के होतं, भारतात ६६. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या आणि त्याच वर्षात सुमारे ९८ हजार जणी त्यानं गेल्या. औषधं तीच असतात. बाई त्यांच्यापर्यंत केव्हा पोचते त्यावर पुष्कळ काही ठरतं.

बार्शीबद्दल मला दुहेरी वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके तिच्यात होते. शहरातल्या नोंदणीचे कारकून रुग्णालयांच्या फायली पाहतात. इथं गावात फायलीच नव्हत्या. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जास्त जातंय ते विचारत राहिले आणि लोकांना तपासणीसाठी बार्शीला यायला लावत राहिले. माझ्या जन्मगावात हे काम झालं याचा मला अभिमान आहे. आणि आत्याचं गाव त्याच परंडा तालुक्यातलं. एकादशीला भगवंताच्या दर्शनाला ती बार्शीला यायची, त्या चौदा महिन्यांतही येत राहिली. तपासणी तिच्यापासून एका एसटीच्या अंतरावर होती. मधे आडवी आली ती माझी चरबीची गाठ, दुधाची गाठ, लेप, लग्न आणि ती बाटली.

जागतिक आरोग्य संघटनेनं स्तनाच्या कर्करोगासाठी काही उद्दिष्टं ठरवली. त्यातलं एक असं, की बाई पहिल्यांदा आरोग्य केंद्रात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हायला हवं. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण यात घड्याळ बाईच्या डोक्यावर टांगलेलं नाही, दवाखान्याच्या भिंतीवर आहे. आत्या जानेवारीत पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेली आणि निदान ऑक्टोबरमध्ये झालं. साठ दिवसांच्या जागी नऊ महिने. 'बायका वेळेवर येत नाहीत' हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. आल्या होत्या, परत पाठवल्या.

स्वतःची तपासणी स्वतः करा, असं सगळीकडे सांगतात. स्वतःचं शरीर ओळखीचं असावं, हे खरंच. पण नुसतं ते शिकवून भागत नाही. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला होता. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. स्वतपासणी शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या बायकांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. शिकलेले हात लागतात, आणि ते हात फार मोठ्या डॉक्टरचेच असावे लागत नाहीत. हे मुंबईतच दिसलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका, दहावीपर्यंत शिकलेल्या, दर दोन वर्षांनी बायकांची हातानं स्तनतपासणी करत होत्या. यंत्र नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडलेल्या रुग्ण ३७ टक्के होत्या, दुसरीकडे ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालं. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र असा ठोस फरक दिसला नाही.

आत्या बावन्नची होती. दहावी झालेल्या एखाद्या सेविकेची बोटं दोन वर्षांतून एकदा तिच्यापर्यंत पोचली असती तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात येत राहतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी असं लिहिलेलं आहे. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात कधीतरी स्तनाची तपासणी झालेल्या बायका देशभरात एक टक्काही भरल्या नाहीत. ०.९ टक्के.

आत्याचे उपचार व्यवस्थित झाले, हे सांगायलाच हवं. आधी आठ केमो. त्यातल्या लाल औषधाला ती 'कुंकवाचं पाणी' म्हणायची. मग शस्त्रक्रिया, मग लाईट, म्हणजे किरणोपचार, मग रोजची गोळी. उपचारांचा बराच खर्च सरकारी योजनेत बसला. केस परत आले, ते कुरळे आले, आणि तिला त्याचं भारी कौतुक होतं. डाव्या बाजूसाठी तिनं स्वतःच कापडी पिशवी शिवली आणि तिच्यात मोहरी भरली. "कापसानं वजन येत न्हाई, पदर एकीकडं वडला जातो," असं तिनं मला समजावून सांगितलं होतं. दीडेक वर्ष ती शेतात गेली, मुलीचं पहिलं बाळंतपण तिनं केलं.

२०१८ च्या शिमग्यात तिची पाठ दुखायला लागली. आता खरंच दुखत होतं. रात्रभर बसून राहायची. सगळ्यांनी कंबरदुखी म्हणून तेल चोळलं. स्कॅनमध्ये मणक्यांत तोच रोग निघाला. तिनं रिपोर्ट ऐकला आणि मला म्हणाली, "आता दुखतंय बघ." त्यात टोमणा नव्हता. भाऊबीजेची दुपार तिच्या लक्षात तरी होती की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. २०१९ च्या संक्रांतीनंतर ती गेली.

हिरवा झंपर वहिनीनं ठेवून घेतला.

२०२३ च्या मार्चमध्ये रात्री नऊ वाजता वहिनीचा फोन आला. ती तेव्हा अडतीसची. "ताई, माझ्या उजव्या स्तनात गाठ लागतीय हाताला. दहा वाजतात तिथं." डॉक्टर गाठीची जागा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात. आत्याच्या कागदांवर 'डावं, २ वाजता' असं लिहिलेलं असायचं. आत्याची फाईल तीन वर्षं हातात घेऊन फिरली होती वहिनी. तो शब्दही तिनं तिथंच उचलला असणार. घरात बसून, नवऱ्यासमोर, ती तो स्पष्ट बोलत होती.

दुखते का, हे मी विचारलं नाही. "उद्या निघतेस का?" एवढंच म्हटलं.

"कांदा काढायला आलाय. बाया सांगून ठेवल्यात."

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "जाऊ दे कांदा. सकाळच्या गाडीनं निघते."

सोनोग्राफी, मग सुईची तपासणी. नवव्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर रिपोर्टचा फोटो आला. फायब्रोअ‍ॅडेनोमा. साधी गाठ. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासल्यावरच कळतं. मी तिला फोन लावला. मागे बायकांचा गलका, ती शेतात होती.

"सहा महिन्यांनी परत दाखवायला बोलवलंय," ती म्हणाली. "सप्टेंबरात. गौरी झाल्या की येते."

"गौरींच्या आधी ये," मी म्हटलं.

"बरं. आधी येते."